झोपलेल्या वाचकांची राखण

वाचनालयात लोक वाचायला येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी नागपूरचा मे महिना आणि आमच्या वाचनालयातली दुपार पाहिलेली नाही. आमच्याकडे लोक झोपायला येत. मी स्वयंसेवक होते, आणि माझं मुख्य काम त्यांना उठवण्याचं होतं. आता हसा हवं तर.

संपादकांनी मला लिहायला सांगितलं होतं ते टेलिफोनच्या नोकरीवर. मी ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, जन्मभर. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, हातात फोन जोडायच्या दोऱ्या, आणि परगावच्या फोनचा हिशोब तीन मिनिटांचा, म्हणून तोंडात दिवसभर एकच वाक्य: ‘तीन मिनिटं झाली, वाढवायची का?’ पण त्या नोकरीबद्दल माझ्या निवृत्तीच्या दिवशी इतकी भाषणं झाली की मला स्वतःलाच ती कोणा दुसरीची वाटायला लागली. वाचनालयाबद्दल मात्र कोणी कधी विचारलं नाही. म्हणून संपादकांची माफी मागून मी आपलं तेच लिहिते.

आमचं वाचनालय महालात होतं. नाव सांगत नाही, कारण कार्यकारिणीची नातवंडं अजून त्याच गल्लीत राहतात आणि मला भाजी आणायला तिथूनच जावं लागतं. पगारी माणूस एकच होता, तो संध्याकाळी येऊन पुस्तकं देई-घेई. सकाळी कुलूप. दुपारचा मोफत वाचनकक्ष स्वयंसेवकांवर चाले, आणि उन्हाळ्यात स्वयंसेवक म्हणजे मी. माझी एक्स्चेंजची पाळी पहाटे सुरू होई आणि दुपारी संपे. घरी गेले असते तर पत्र्याखाली भाजले असते. लग्न केलं नव्हतं, तेव्हा वाट पाहणारं कोणी नव्हतं. समाजसेवा वगैरे काही नाही हो, मला थंडावा हवा होता.

थंडावा होता तो वाळ्याच्या ताट्यांचा. आता घरोघरी कूलर झाले, त्यामुळे नव्या लोकांना सांगायला हवं. पश्चिमेच्या खिडक्यांना वाळ्याच्या मुळ्यांचे जाड पडदे बांबूच्या चौकटीत बसवत. त्यावर पाणी मारलं की बाहेरची झळ त्यातून आत येताना गार होई आणि सगळ्या खोलीत तो वास पसरे. मात्र ताटी सतत ओली पाहिजे. सुकली की संपलं. आमच्याकडे त्यासाठी नोकर नव्हता. दाराशी पाण्याचं टिपाड आणि टिनाचा डबा ठेवलेला असे. येईल त्यानं एक डबा पाणी ताटीवर मारायचं आणि मग बसायचं. हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही, भिंतीवरही लिहिलेला नव्हता, पण गांधीबागेतल्या कापड दुकानाचे मुनीम असोत की पेन्शनर नानासाहेब, सगळे धोतर सावरत डबा मारत आणि मगच खुर्ची ओढत.

नानासाहेब म्हणजे जुने हेडमास्तर. वर्तमानपत्र उघडत, पहिल्या पानावर एकदा नापसंतीनं मान हलवत, आणि तेच पान तोंडावर घेऊन झोपत. त्यांच्या घोरण्यानं पान वरखाली होई. कोणी काही म्हणत नसे, कारण अर्ध्या खोलीला त्यांनी शाळेत छड्या मारलेल्या होत्या.

उठवणं ही एक कला आहे, बरं का. एक्स्चेंजमध्ये आम्ही उठवण्याचे फोन करत असू. पहाटेची गाडी पकडायची असेल तर लोक रात्री सांगून ठेवत, आणि आम्ही पहाटे घंटी वाजवत असू. तिथं मी एक शिकले. झोपलेल्या माणसाला वेळ सांगू नये, काम सांगावं. ‘साडेचार वाजले’ म्हटलं की तो ‘हो’ म्हणून परत झोपतो. ‘वर्धेला जायचं आहे ना?’ म्हटलं की ताडकन उठतो. तेच मी वाचनालयात वापरलं. मुनीमजींना ‘दुकान उघडलं असेल’, नानासाहेबांना ‘सूनबाईंनी चहा ठेवला असेल’. मागून जाऊन कधी उठवायचं नाही, माणूस दचकतो. समोर उभं राहायचं, टेबलावर बोटाचं पेर हळूच वाजवायचं आणि काम सांगायचं. हळूहळू लोकच आल्या आल्या सांगू लागले, ‘बाई, मले चारला उठवजा, कचेरीत जाऊन राहिलो.’ मी मान हलवायची. माझ्या लक्षात राहत असे, नोकरीच ती होती.

कौसल्या मेश्राम आली ती अशाच एका उन्हाळ्यात, सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हा. तिशीच्या आतबाहेरची असेल. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन पुस्तकं आणि पाण्याची बाटली. दाराशी उभी राहिली. बायका आमच्याकडे दुपारी फारशा येत नसत.

‘‘बाई, इथं बसलं तं चालते काय?’’

‘‘न चालायला काय झालं? सार्वजनिक आहे. एक डबा पाणी मार अन् बस.’’

ती टिपाडाकडे पाहत राहिली. डब्याला हात लावावा की नाही असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि ते काय होतं हे कळायला मला नागपुरात जन्म घेतल्यामुळे वेळ लागला नाही. तिचं घर दीक्षा घेतलेलं. मी म्हटलं, ‘‘काय पाहून राहिली वं? ताटी सुकून राहिली ना!’’ तिनं डबा भरला आणि असा मारला की अर्धं पाणी नानासाहेबांच्या अंगावर. नानासाहेब ‘अरे! अरे!’ करत उठले, पान खाली पडलं, आणि ती जीभ चावून उभी राहिली. नानासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, धोतर झटकलं, म्हणाले, ‘‘गार वाटलं,’’ आणि पुन्हा झोपले.

ताटीशेजारी कोपऱ्यात एक छोटं टेबल होतं. ती तिथं बसली, इंग्रजीचं पुस्तक उघडलं, आणि जरा वेळानं पाहते तर डोकं पुस्तकावर.

हे रोजचं झालं. ओळख वाढली तसं समजलं. सक्करदऱ्याला राहायची. दवाखान्यात आया होती, बहुधा रात्रपाळी. नवरा गिरणीत. सासू, दोन पोरं, एक खोली. मॅट्रिकला बसली होती, पण इंग्रजी आणि गणितात राहिली होती. ते दोन विषय ऑक्टोबरला काढायचे होते. मॅट्रिक झाली तर दवाखान्याच्याच नर्सिंगच्या कोर्सला जाता येणार होतं. मेट्रननं तिला स्पष्ट सांगितलं होतं, वय सरत चाललं आहे, यंदा आलीस तर घेते, पुढल्या वर्षी माझ्या हातात नाही. ऑक्टोबर चुकला की जन्मभर बेडपॅन उचलायची, एवढा साधा हिशोब होता.

‘‘मग घरी झोपून इथं अभ्यास कर ना,’’ मी एकदा म्हटलं. ‘‘इथं येऊन झोपते काहून?’’

‘‘घरी झोप होते काय, बाई! मी आडवी झाली का साऱ्यायले माह्याशी काम सुचते. सासू वाईट नाही. पण बाई दिवसा झोपली म्हंजे बिमार, नाही तं आळशी. लहान्याले भूक लागते, शेजारची पीठ मागाले येते. इथं मले कोणी काही मागत नाही.’’ मग हसून म्हणाली, ‘‘तासभर झोपली का मंग इंग्रजी डोक्यात जाते. तुमी उठवता नं?’’

मला त्या वाक्यानं काय झालं ते सांगता येत नाही. इतकी वर्षं मी नागपूरच्या मोठमोठ्या लोकांना उठवत होते, वकिलांना, ठेकेदारांना, एकदा तर एका मंत्र्याला. पण हिला उठवायचं म्हणजे त्याआधी तासभर झोपू द्यायचं होतं. तिच्या झोपेत कोणी येऊ नये म्हणून मी चपला काढून चालू लागले. नानासाहेब जास्त घोरायला लागले की त्यांची खुर्ची हळूच हलवायची. तास झाला की समोर उभी राहून पेर वाजवायची आणि म्हणायची, ‘‘सिस्टर मेश्राम, वॉर्डात बोलावलं आहे.’’ ती उठे ती हसतच.

एक गोष्ट मात्र मला रोज दिसे. खोलीत प्यायच्या पाण्याचा माठ होता, त्यावर झाकण आणि गिलास. सगळे त्यातून पीत. कौसल्या कधी प्यायली नाही. बाटलीतलं पाणी संपलं तर तहान तशीच घेऊन बसायची. तिला कोणी मनाई केली नव्हती. कोणी ‘घे’ असंही म्हटलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, ‘‘राहू द्या नं बाई. बसाले मिळून राहिलं, उगाच कशाले.’’ मी तिला आग्रह केला नाही.

आता देशकर. देशकर वकील आमचे चिटणीस, वाचनालयाच्या समोरच राहत. माणूस कळकळीचा होता, हे आधी सांगते. वाचनालयाचं छप्पर गळलं तर स्वतः शिडी लावून चढणारा. पण शिस्तीचं भारी वेड. एका दुपारी काही कागद शोधायला ते आले. खोलीत नानासाहेब घोरत होते, मुनीमजी तोंड उघडं टाकून पडले होते, आणखी दोघंतिघं माना टाकून होते. देशकर त्या सगळ्यांना वळसा घालून सरळ कोपऱ्यात गेले आणि कौसल्याच्या टेबलावर पंजा आपटला.

‘‘ही काय धर्मशाळा आहे?’’

ती अशी दचकून उठली की खुर्ची उलटली. पदर कुठं, पुस्तक कुठं. सगळी खोली जागी झाली. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. पुस्तकं पिशवीत टाकली, बाटली विसरली, आणि गेली.

‘‘बाकीच्यांना नाही उठवलंत?’’ मी विचारलं.

‘‘बाकीच्यांची गोष्ट वेगळी. बाईमाणसानं असं चारचौघांत झोपणं शोभत नाही, कुसुमताई. उद्या लोक काय म्हणतील?’’

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली, ‘वाचनकक्षात झोपण्यास सक्त मनाई’. मला हा संताप आला! ती पाटी झोपेविरुद्ध नव्हतीच. नानासाहेब त्याच पाटीखाली झोपले होते. पाटी एका बाईच्या झोपेविरुद्ध होती, आणि ती बाई कोण हे बघून होती. देशकरांनी ते तोंडानं म्हटलं नाही, मनातही कदाचित म्हटलं नसेल. पण पंजा बरोबर तिच्याच टेबलावर पडला ना?

भांडले असते तर देशकरांनी वकिली केली असती आणि मी हरले असते. तेव्हा मी दुसरं केलं. मी नियम पाळायचं ठरवलं.

दुसऱ्या दुपारी नानासाहेबांनी तोंडावर पान घेतलं, की मी जाऊन त्यांच्या कानाशी, एक्स्चेंजमधला तो स्वच्छ, गोड, कोणाचं न ऐकणारा आवाज लावला: ‘‘तीन मिनिटं झाली. वाढवायची का?’’

नानासाहेब धडपडून उठले. ‘‘काय? कुठला फोन?’’

‘‘फोन नाही, नाना. पाटी आहे. झोपायचं नाही.’’

‘‘मी झोपलो नव्हतो. अग्रलेखावर विचार करत होतो.’’

‘‘तोंडावर घेऊन?’’

मुनीमजींना तेच. कोर्टाच्या तारखेला आलेले अशील, दुपारी टेकणारे मास्तर, सगळ्यांना तेच. डोळा लागला की ‘तीन मिनिटं झाली’. खोलीत एवढी जागरूकता त्याआधी कधी नव्हती. लोक लालबुंद डोळ्यांनी वर्तमानपत्रं धरून बसू लागले, एकमेकांवर खेकसू लागले. मुनीमजी म्हणाले, ‘‘बाई, काहून जीव घेऊन राहिल्या? आमचं काय चुकलं?’’ मी म्हटलं, ‘‘चिटणिसांना विचारा.’’ मग लोक यायचेच कमी झाले. आणि लोक नाहीत तर डबा मारायला कोणी नाही. ताट्या सुकल्या. खोलीत भट्टी पेटली. त्या भट्टीत मी आणि नानासाहेब दोघंच, नानासाहेब केवळ हट्टानं.

शेवटी देशकर तक्रारी ऐकून स्वतः पाहायला आले. दुपारचं जेवून आले होते. ‘बघू तर’ म्हणून टेबलाशी बसले, कसलीशी फाईल उघडली, आणि माणूसच ते, पाच-दहा मिनिटांत मान छातीवर. नानासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नानासाहेबांकडे पाहिलं. मी उठणार, तोच नाना हातानं मला थांबवून स्वतः उठले, देशकरांच्या समोर गेले आणि जुन्या वर्गातला आवाज काढला:

‘‘देशकर! तीन मिनिटं झाली!’’

देशकर उठून उभे राहिले. अक्षरशः उभे, हात पुढे केलेला. छडी खायला पुढे करतात तसा. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचे कान लाल झाले. मी हसले नाही. खरं सांगते, खूप प्रयत्नानं हसले नाही. संध्याकाळपर्यंत पाटी निघाली होती.

पण कौसल्या आली नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तिची बाटली माझ्या टेबलावर. मी सायकलरिक्षा केली आणि विचारत विचारत सक्करदऱ्याला गेले.

घर सापडलं. दुपारची वेळ, ती चुलीपुढे, डोळे सुजलेले. तिच्या सासूनं मला पाट दिला, गुळाचं पाणी दिलं. मी तिथं बसले तेवढ्या वेळात लहान पोरगं दोनदा आलं, शेजारीण एकदा, आणि सासूनं तीनदा ‘कौसल्या वं’ म्हणून हाक मारली. तिला पुस्तकाचं विचारलं तर तिनं छपराच्या आढ्याशी खोचलेल्या पिशवीकडे बोट केलं.

‘‘पाटी काढली,’’ मी म्हटलं. ‘‘चल आता.’’

‘‘मी नाही येत, बाई.’’

‘‘काहून?’’

‘‘तुमी उठवता तवा मी सिस्टर असते. त्यायनं उठवलं तवा मी कोण होती? माह्या पोराले असं कोणी उठवलं असतं तं मी त्याचा हात धरला असता. माह्यासाठी मले काही बोलता आलं नाही. तेच लागलं मले.’’

ऑक्टोबर समोर होता. मी म्हटलं, ‘‘यंदा नाही तर मग नाही, हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे. देशकरांसाठी आयुष्यभर बेडपॅन उचलणार आहेस का?’’

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. सासूच बोलली. म्हातारी मला वाटलं होतं तशी नव्हती. ‘‘जाय वं,’’ म्हणाली. ‘‘इथं मी तुले हाका मारतो, मले समजते. पण तोंडाची सवय जात नाही. जाय तू.’’

‘‘येते,’’ कौसल्या म्हणाली. ‘‘पण कोपऱ्यात नाही झोपत. चोरावानी कोपऱ्यात नाही. मोठ्या टेबलावर बसते.’’

आणि ती आली. डबा भरला, ताटीवर मारला, आणि खोलीच्या मधोमध, जिथं मुनीमजी नि नानासाहेब बसत त्या मोठ्या टेबलाशी खुर्ची ओढली. मुनीमजी जरा चुळबुळले. नानासाहेबांनी आपलं वर्तमानपत्र उचलून तिच्यासाठी जागा केली आणि विचारलं, ‘‘इंग्रजी आहे का? कोणता धडा?’’ नंतरचे कित्येक दिवस ते तिला इंग्रजी शिकवत होते. एक झोपला की दुसरा जागा, अशा पाळीनं ते दोघं शिकत-शिकवत. नाना वाक्य सांगता सांगता घोरू लागत, मग ती तेच वाक्य दहादा लिहून ठेवी. देशकर येत तेव्हा कागद घेऊन लगेच निघून जात. तिच्या टेबलाकडे पाहत नसत. तीही पाहत नसे.

पाऊस झाला, ताट्या उतरल्या, ऑक्टोबर आला. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री तिला सुट्टी मिळाली नाही. वॉर्डात माणसं कमी होती. रात्रभर पायांवर. सकाळी सुटून सक्करदऱ्याला जाऊन परत यायचं म्हणजे झोप नाहीच, आणि परीक्षेची शाळा आमच्या वाचनालयाच्या गल्लीतच. आमचं ठरलं: मी पाळी बदलून घेते, देशकरांकडून किल्ली आणून सकाळीच कुलूप उघडते, ती दोन तास झोपेल, मी उठवीन आणि शाळेच्या दारापर्यंत सोडीन.

ठरलं ते ठरलं. सकाळी एक्स्चेंजचा माणूस दारात. जिच्याशी पाळी बदलली होती तिला ताप. बोर्डावर कोणी नाही, ताबडतोब या. सरकारी नोकरी, नाही म्हणता येईना. जाता जाता वाचनालयावरून गेले तर कौसल्या पायरीवर बसलेली, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटलेले. बरोबरचा एक्स्चेंजचा माणूस रिक्षा थांबवू देईना. मी ओरडून म्हटलं, ‘‘कौसल्या, इथंच थांब, मी करते काहीतरी!’’ काय करणार होते ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बोर्डावर बसले. दिवे लागत होते, मुंबई, जबलपूर, रायपूर. दोऱ्या लावत होते आणि डोळ्यांपुढे ती पायरी. तिथं ती झोपली तर उठवणार कोण? झोपली नाही तर गणित काय करणार? खासगी फोन करायला आम्हाला सक्त बंदी. मग मनात आलं, बंदी खासगी फोनला आहे, उठवण्याचा फोन तर माझं कामच आहे. मी देशकरांचा नंबर लावला.

‘‘देशकर साहेब, हा उठवण्याचा फोन आहे.’’

‘‘मी कुठं सांगितला होता? मी जागाच आहे.’’

‘‘तुमच्यासाठी नाही. कौसल्या मेश्रामसाठी आहे. तिच्याकडे फोन नाही, म्हणून तुम्हाला करते.’’ आणि मी एका दमात सगळं सांगितलं. वाचनालय उघडा, तिला मोठ्या टेबलाशी झोपू द्या, साडेदहाला उठवा, गणिताचा पेपर आहे.

पलीकडे शांतता. ट्रंकच्या नोकरीत मी शांतता पुष्कळ ऐकली आहे, पण तेवढी लांब कधी ऐकली नव्हती. शेवटी मीच म्हटलं, ‘‘साहेब, तीन मिनिटं होत आली.’’

फोन ठेवल्याचा आवाज आला. ‘हो’ नाही की ‘नाही’ही नाही. मला दुसऱ्यांदा लावता येईना, मागं सुपरवायझर येऊन उभी होती. ती पाळी माझ्या सबंध नोकरीतली सर्वांत वाईट. जबलपूरला रायपूर जोडलं, एका सासऱ्याला भलताच जावई जोडला. सुटल्यावर तशीच शाळेकडे धावले. पेपर सुटत होता. पोरंपोरी बाहेर येत होती, सगळ्यांत मागून कौसल्या. गालावर वर्तमानपत्राची शाई उमटलेली. ती शाई पाहिली आणि माझा जीव भांड्यात पडला.

‘‘झोपली होतीस?’’

‘‘झोपली नं बाई! गाढ.’’

‘‘उठवलं कोणी? देशकरांनी? कसं उठवलं?’’

तिचे डोळे भरून आले. ‘‘काही बोललेच नाही. डोये उघडले तं समोर उभे होते. मागं नाही, समोर. मले वाटते बराच वेळ उभे असतील, कसं उठवावं हे समजत नसन. मंग टेबलावर बोट वाजवलं त्यायनं, हळू. म्हणे, गणिताचा पेपर आहे ना? अन् बाई...’’ ती थांबली. ‘‘टेबलावर गिलास होता. माठातला. भरून ठेवला होता.’’

‘‘प्यायलीस?’’

‘‘सारा,’’ ती म्हणाली, आणि रस्त्यावर उभ्या उभ्या आम्ही दोघी रडलो, त्या शाळेच्या पोरांना काय वाटलं असेल ते असो.

ती पास झाली. गणितात अगदी काठावर, पण झाली. कोर्सला गेली. निरोप घ्यायला आली तेव्हा नानासाहेबांना तिनं इंग्रजीत धन्यवाद दिले आणि नानांनी त्यातली एक चूक काढली. माठावर देशकरांनी नंतर कधीतरी एकाऐवजी चार गिलास ठेवले. कोणाला काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मी पुढं बरीच वर्षं दुपारी जात होते. नाना गेले, मुनीमजी मुलाकडे रायपूरला गेले, मग कूलर आला. तो बटणावर चालतो, त्याला कोणाच्या डब्याची गरज नाही, आणि येणारा माणूस आल्या आल्या सरळ खुर्चीत बसतो. मला ते अजून चमत्कारिक वाटतं.

शेवटचं सांगते. नोकरीची काही वर्षं उरली असताना माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. धरमपेठेतली भाची, तिची मुलं, एक्स्चेंजच्या मैत्रिणी, सगळ्यांचा माझ्या खाटेभोवती मेळा. प्रेमानंच आलेले, पण माझा जीव जात होता. तेवढ्यात दारातून आवाज आला, स्वच्छ, गोड, कोणाचं न ऐकणारा:

‘‘तीन मिनिटं झाली! चला, निघा सारे!’’

पांढरा गणवेश, कमरेला पट्टा. सिस्टर मेश्राम. त्या वॉर्डाची मुख्य. दोन मिनिटांत तिनं खोली रिकामी केली. खिडकी ओढून घेतली, माझी चादर नीट केली.

‘‘झोपा आता, बाई. मी बसते इथं. कोणाले येऊ देत नाही. किती वाजता उठवू?’’

इतकी वर्षं मी हा प्रश्न लोकांना विचारला. मला तो कोणी विचारला नव्हता. मी काहीतरी वेळ सांगितली आणि झोपले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा, सरळ, गाढ.

जाग आली ती आपोआप. ऊन भिंतीवर चढलं होतं, सांगितलेली वेळ टळून गेली असावी. तिनं मला उठवलं नव्हतं. मान वळवून पाहिलं तर खुर्चीत बसल्या बसल्या तिचं डोकं माझ्या खाटेच्या काठावर आलं होतं. डबल ड्यूटी असावी. हात लांब सुटलेला, तोंड किंचित उघडं, मोठ्या टेबलावर झोपायची तशीच.

दाराशी एक तरुण नर्स आली. ‘‘सिस्टर कुठं आहेत? डॉक्टर राउंडला...’’ म्हणता म्हणता तिचं लक्ष गेलं. ती हाक मारणार, तोच मी टाक्यांची पर्वा न करता हात वर केला आणि बोट ओठांवर ठेवलं.

‘‘डॉक्टर या खोलीत यायला किती वेळ आहे?’’ मी हळूच विचारलं.

‘‘असेल अर्धा तास.’’

‘‘मग जा,’’ मी म्हटलं. ‘‘मी उठवते तिला.’’